पाळणा, प्रश्नोत्तरी आणि चर्चची नर्सरी

पालघरहून बोईसरकडे जाताना ‘नर्सरी’ या शब्दाच्या पाट्या दोन प्रकारच्या जागी दिसतात. एका जागी चिकूची आणि आंब्याची कलमे काळ्या पिशव्यांत ओळीने मांडलेली असतात. दुसऱ्या जागी फाटकावर कार्टूनची चित्रे असतात आणि आत प्रवेशअर्जांची घाई चाललेली असते. ‘चर्चची नर्सरी’ म्हटले की या भागात दुसरीच जागा डोळ्यांसमोर येते: सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेतला सर्वांत लहान वर्ग, ज्यात नंबर लागावा म्हणून ख्रिस्ती आईबापांइतकेच गुजराती, मारवाडी आणि आगरी आईबापही धडपडतात. पाश्चात्त्य प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या शब्दाला तिसराच अर्थ आहे. रविवारच्या उपासनेच्या वेळी तान्ही, रांगती आणि नुकती चालू लागलेली मुले जिथे सांभाळली जातात आणि त्या तासाभरात ज्यांच्या कानावर देवाचे नाव घातले जाते, ती खोली म्हणजे नर्सरी. शहरांतल्या नव्या मंडळ्यांमधून ही खोली आता आपल्याकडेही येऊ लागली आहे. तिचे स्वागत करावे की नाही, हा वाद मला दुय्यम वाटतो. त्या खोलीत मुलाला काय मिळणार आणि आजवर ते त्याला कुठून मिळत होते, हे आधी तपासायला हवे.

त्या तपासणीला वैतरणेचा परिसर सोयीचा आहे. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून अर्नाळा आणि दातिवरे यांच्या मधून समुद्राला मिळणारी ही नदी ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने एक रेघ आहे. दक्षिणेला वसईचा जुना पट्टा: सामवेदी (कुपारी), वाडवळ आणि ईस्ट इंडियन कॅथलिकांची गावे, पिढ्यान्‌पिढ्यांची चर्च, वाटेवाटेवरचे क्रूस. उत्तरेलाही तारापूर, केळवे-माहीम, डहाणू येथे पोर्तुगीजांचे किल्ले नि चर्च होती. पण आज तिथे दिसणारा ख्रिस्ती समाज बराचसा अलीकडचा आहे. त्यात मिशनांच्या कामातून घडलेली आदिवासी कुटुंबे आहेत, आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रामागून (ते १९६९ पासून वीज देऊ लागले) व औद्योगिक वसाहतीमागून केरळ, तमिळनाडू, गोवा, छोटा नागपूर अशा ठिकाणांहून आलेली नोकरदार कुटुंबेही आहेत. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा काढलेला वसई धर्मप्रांत नदीच्या दोन्ही अंगांना पसरला आहे. धर्मप्रांत एक असला तरी नदीच्या दोन काठांवरचे बाळ सारख्याच रीतीने ख्रिस्ती होत नाही.

कॅथलिक नियमाप्रमाणे मुलाचा स्नानसंस्कार जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवा. १९८३ च्या धर्मसंहितेत तसे स्पष्ट म्हटले आहे. पुढचा मोठा टप्पा प्रथम कम्युनियनचा. पूर्वी त्यासाठी मूल दहा-बारा वर्षांचे होण्याची वाट पाहत. दहावे पायस यांनी १९१० च्या ‘क्वाम सिंग्युलारी’ या आज्ञापत्राने ते वय सातच्या आसपास आणले. मुलांना देवापासून दूर ठेवू नका, हा त्यामागचा हेतू. त्याचा एक परिणाम असा झाला की धर्मशिक्षणाचे सगळे यंत्र (वर्ग, पुस्तके, शिक्षक, परीक्षा) सात वर्षांच्या उंबरठ्याशी येऊन उभे राहिले. कपाळावर पाणी पडल्यापासून त्या उंबरठ्यापर्यंतची सहा वर्षे मात्र यंत्राबाहेर राहिली. कागदावर ती आईबापांच्या ताब्यात आहेत. दुसऱ्या जॉन पॉल यांच्या १९७९ च्या ‘कातेकेसी त्रादेन्दे’ या पत्रात अगदी लहानग्यांविषयी एक छोटासा परिच्छेद आहे. आकाशातल्या बापाकडे मन वळवायला मूल घरातच शिकते, बोबड्या तोंडच्या लहानशा प्रार्थनांनी त्याची सुरुवात होते, असा त्याचा आशय. परिच्छेद सुंदर आहे. पण ज्या घरात हे घडायचे त्या घराची अवस्था काय, हे परिच्छेदाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

या सहा वर्षांकडे दुर्लक्ष झाले ते निष्काळजीपणाने झाले असे मला वाटत नाही. ते आपल्या धर्मशिक्षणाच्या वाङ्मयप्रकारातच आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवत मुले गोळा करी आणि त्यांच्याकडून प्रार्थना चालीवर घोकून घेई. वसईलाही तो येऊन गेला होता. पोर्तुगालमध्ये मार्कोश जोर्ज या जेझुइटाने मुलांसाठी संवादाच्या रूपात धर्मतत्त्वे लिहिली. तीच फादर थॉमस स्टीफन्सने कोकणीत आणली आणि त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली ती रायतूर (राशोल) येथे छापली गेली. आपल्या भूमीवरच्या छापील ख्रिस्ती बालशिक्षणाचा तो एक मूळ दगड. त्याचा सांगाडा असा: गुरू विचारतो, शिष्य उत्तर देतो. हा सांगाडा पुढे जवळजवळ चारशे वर्षे टिकला. भाषा बदलली, चित्रे रंगीत झाली, पण मुलाला प्रवेश मिळतो तो उत्तर देता येऊ लागल्यावर. ज्याला अजून बोलता येत नाही, त्याच्याशी काय करायचे याला या प्रकारात जागाच नाही. त्याच स्टीफन्सचे १६१६ चे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आहे. ओवी म्हणजे जात्यावरचा, मांडीवरचा छंद. कानाने ऐकणाऱ्यासाठी पुराण आणि तोंडाने उत्तर देणाऱ्यासाठी प्रश्नोत्तरी अशी विभागणी एकाच लेखकाच्या हातून झाली, आणि बालकांच्या वाट्याला दुसरी आली. मला हा अपघात दुर्दैवी वाटतो.

मग त्या सहा वर्षांत वसईच्या मुलाला विश्वास दिला कुणी? १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. युरोपीय मिशनरी बहुतेक निघून गेले आणि चर्चचा कारभार स्थानिक धर्मगुरूंच्या हाती आला. सत्तेचा आधार सुटल्यावरही गावे ख्रिस्ती राहिली. याचे श्रेय इतिहासकार धर्मगुरूंना देतात, आणि ते खरेच आहे. पण मिस्सेला वर्षानुवर्षे लॅटिन ऐकणारा समाज केवळ मिस्सेवर टिकला नसता. संध्याकाळची घंटा झाली की घराच्या आल्ताराशी दिवा लागे, जपमाळ सुरू होई, आणि तिच्या संथ लयीत मांडीवरचे मूल झोपी जाई. क्रूसाची खूण मूल स्वतः करायला शिके त्याच्या आधी आजी त्याचा हात धरून ती शेकडो वेळा करून घेई. पवित्र पाण्यात बोट, राखेच्या बुधवारी कपाळावरचा ठिपका, झावळ्यांच्या रविवारी हातात दिलेली झावळीची काडी, मे महिन्यात कोपऱ्यावरच्या क्रूसाला घातलेल्या फुलांचा वास. यातले काहीच मुलाला समजावून सांगितलेले नसे. आजीलाही ते समजावता आले असते की नाही, शंका आहे. मुलाच्या अंगात ते आधी गेले, डोक्यात नंतर, आणि तेही प्रश्नोत्तरीने नेले तेवढेच.

हे लिहिताना जुन्या दिवसांचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. त्या आजीच्या धर्मात धाकही होता. ‘देव बघतो आहे’ हे वाक्य रांगत्या मुलाला चुलीपासून दूर ठेवण्यासाठीही वापरले जाई. बापाच्या संतापाची सावली आकाशातल्या बापावर पडे. पण त्या धर्माला लहान मुलाची भाषा येत होती, एवढे मान्य करावेच लागेल.

त्या भाषेचा मराठीतला सर्वांत पूर्ण नमुना म्हणजे पाळणा. रामाचा, कृष्णाचा, शिवरायाचा पाळणा बारशाला म्हणतात तेव्हा खरे तर समोर झोळीत असते शेजारणीचे मूल. आवाज त्याला लागतो, नाव देवाचे असते, आणि बायकांना यात काहीही विसंगत वाटत नाही. देव बाळ होऊन येतो, ही गोष्ट शिकवायला ख्रिस्ती धर्मशास्त्राला ग्रंथच्या ग्रंथ लागले. पाळण्यात ती गृहीतच आहे. मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळात येशूबाळाचा पाळणा म्हटला जातो. पण तो डिसेंबरपुरता, गव्हाणीपुरता. घरच्या बाळासाठी, वर्षभर, रोज निजवताना म्हणण्याचा असा प्रकार आपल्या उपासना-पुस्तकांनी जोपासला नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी इंग्रजी चालींवरची भाषांतरे बाजूला ठेवून ओवी-अभंगाच्या वळणाने भक्तिगीते रचली. त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ही म्हटले गेले. तरी त्यांची मुलांची कविता बहुतांशी शाळेच्या पुस्तकात गेली आणि भक्तिगीते मोठ्यांच्या उपासनेत. या दोन वाटांच्या मधे मांडीवरचे मूल होते.

मुलाच्या धर्माबद्दल मराठी आईने केलेला सर्वांत स्पष्ट विचार शोधायचा तर वैतरणेपासून फार दूर, इंग्लंडातल्या वाँटेज गावी जावे लागते. पंडिता रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा तिथल्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची. रमाबाई पुढे चेल्टनहॅमला शिकायला-शिकवायला गेल्या, तेव्हा मनोरमा बराच काळ सिस्टरांच्या सहवासात राहिली. चर्चच्या छायेतली नर्सरी याहून शब्दशः कुठे सापडणार! आणि तिथेच ठिणगी पडली. रमाबाई स्वतः त्रैक्यासारखी तत्त्वे जशीच्या तशी स्वीकारायला तयार नव्हत्या. आणि आपल्याला न पटलेली शिकवण आपल्या लेकीच्या कोवळ्या मनात घातली जाणे त्यांना मान्य नव्हते. सिस्टर जेराल्डीन यांना उलट वाटे की आईच्या शंकांनी मुलीचा विश्वास बिघडेल. ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात हा वाद वाचायला मिळतो.

या पत्रांकडे रमाबाईंच्या बंडखोरीचा पुरावा म्हणून पाहिले जाते. मला त्यात बालसंगोपनाचा विचारही दिसतो. मनोरमाने आपल्या देशाच्या माणसांतली एक म्हणून वाढावे, त्यांच्यापासून तुटू नये, हा रमाबाईंचा आग्रह होता. म्हणजे मुलीला ख्रिस्त नको होता असे नाही. ख्रिस्ताबरोबर इंग्रज नर्सरी आपोआप येऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. दुसरीकडे सिस्टर जेराल्डीनही दुष्ट नव्हत्या. मुलीवर त्यांची माया होती, रमाबाईंनीही ती नाकारली नाही. प्रेमाने केलेल्या धर्मशिक्षणातही आईचे म्हणणे बाजूला पडू शकते, हे या प्रकरणातले खरे दुखणे. रमाबाई पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या तेव्हा त्यांनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धत अभ्यासली आणि मराठीत क्रमिक पुस्तके करायला घेतली. मला हा योगायोग वाटत नाही. मुलगी परक्या नर्सरीत ठेवावी लागलेल्या आईने मराठी नर्सरीची सामग्री जमवायला सुरुवात केली होती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तला दत्तूही या जागी आठवतो. १८९५ साली वडील ख्रिस्ती झाले तेव्हा दत्तू जेमतेम चार वर्षांचा. पुढची काही वर्षे तो आईबरोबर हिंदू नातलगांत वाढला. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वडिलांचा देव एक, आईचा दुसरा, आणि मूल दोघांच्या मधे. अशा मुलाच्या श्रद्धेवर त्या काळच्या कुणी प्रश्नोत्तरी लिहिली नाही, लिहिता आलीही नसती. तिथे कामास आली ती आईची रोखठोक, हसरी जीभ.

वैतरणा ओलांडून उत्तरेला आले की बाळाकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टीच दुसरी भेटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डहाणूत चर्च ऑफ द ब्रदरन या अमेरिकी मंडळीचे काम सुरू झाले. ही मंडळी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करीत नाही. विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करता येईल अशा वयातच माणसाने पाण्यात उतरावे, असे ती मानते. म्हणजे वसईत जे बाळ महिन्याभरात ख्रिस्ती, तेच डहाणूत ख्रिस्ती आईबापांचे, पण अजून वाट पाहणारे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा त्यात सामील झालेल्या मंडळ्यांमध्ये दोन्ही परंपरा होत्या, आणि दोन्हींना जागा ठेवली गेली. बाळाचा बाप्तिस्मा करून पुढे दृढीकरण, किंवा बाळाचे समर्पण करून पुढे विश्वासकबुलीचा बाप्तिस्मा.

ही धर्मशास्त्राची बारीक कात नाही. नर्सरीत काय करायचे ते यावर अवलंबून आहे. बाळ आधीच ख्रिस्ताचे आहे असे मानले तर नर्सरी म्हणजे घरातल्या माणसाला घर दाखवणे. ते पुढे निवडणार आहे असे मानले तर नर्सरी म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवणे. अमेरिकेत होरेस बुशनेल या धर्मगुरूने १८४७ च्या ‘ख्रिश्चन नर्चर’ या पुस्तकात पहिल्या बाजूने जोरदार मांडणी केली. मुलाने आपण कधी ख्रिस्ती नव्हतो असे स्वतःला कधी ओळखूच नये, अशा रीतीने त्याला वाढवा, असे त्याचे म्हणणे. त्या काळी पश्चात्तापाच्या मोठ्या सभांची लाट होती, म्हणून पुस्तकावर टीकाही झाली. मला बुशनेलचे पटते, पण डहाणूच्या परंपरेतली एक गोष्ट सोडवत नाही: मुलाच्या ‘नाही’ म्हणण्याला तिथे जागा राखलेली आहे. सगळे आधीच ठरलेल्या घरात ती सहज बुजते.

आता बोईसर. इथल्या कॉलन्यांतले ख्रिस्ती कुटुंब बहुधा चौकोनी आहे. नवरा पाळीत, बायको शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीला, आजी केरळात, रांचीकडे किंवा वसईच्या गावात. मूल दिवसातले आठ-नऊ तास पाळणाघरात. आईची भाषा एक, बापाची दुसरी, पाळणाघरातल्या मावशींची मराठी किंवा हिंदी, मिस्सेची बहुतेकदा इंग्रजी. ज्या सहा वर्षांचा भार आजीवर टाकलेला होता, ती आजीच इथे नाही. म्हणून चर्चने लहानग्यांसाठी काही करावे ही मागणी रास्त आहे, आणि ‘हे घरचे काम’ असे सांगून तिला परतवणे हा कोरडेपणा आहे.

पण जे केले जाते त्याचे रूप पाहावे. आयात केलेली हातवाऱ्यांची इंग्रजी गाणी, मोबाइलवर लावलेली रंगीबेरंगी चित्रफीत, आणि वर्षअखेर व्यासपीठावर तीन वर्षांच्या मुलाकडून बायबलमधले वचन म्हणवून घेणे. टाळ्या पडतात, आई रेकॉर्ड करते, मूल भेदरून फादरकडे बघत राहते. चारशे वर्षांपूर्वीची प्रश्नोत्तरीच इथे वयाने खाली सरकली आहे: आता उत्तर सातऐवजी तीन वर्षांच्या मुलाने द्यायचे. पाश्चात्त्य नर्सरीत खरोखर घेण्यासारखे जे आहे ते आपण घेत नाही. दर रविवारी तीच बाई, तेच स्वागत, तेच एक गाणे, आणि ‘देवाने मला घडवले, देव माझ्यावर माया करतो’ इतकेच दोन-तीन साधे विचार, वर्षभर. पुनरावृत्ती मोठ्यांना कंटाळवाणी वाटते, म्हणून आपण दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी चित्रफीत आणतो. दीड वर्षाच्या मुलाला एकच गोष्ट शंभर वेळा हवी असते, हे कोणत्याही घरात कळते.

भाषेबद्दल तर मला कठोर व्हावेसे वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला उपासनेत जागा दिली आणि मराठीत मिस्सा होऊ लागली, ती मोठी मिळकत होती. जिच्या घरी मराठी, कादोडी किंवा वाडवळी बोलतात, तिच्या मुलाला देवाशी बोलायची पहिली भाषा इंग्रजी देणे म्हणजे ती मिळकत पाळण्यातच परत करणे आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा लहान वयात मातृभाषेचा आग्रह धरते. त्याबाबतीत चर्चने सरकारच्या मागे असू नये. मल्याळी किंवा कुडुख बोलणाऱ्या घराला हीच गोष्ट त्याच्या भाषेपुरती लागू. एका खोलीत चार भाषांची मुले असतील तर चार आयांनी आपापल्या भाषेत एकेक अंगाई म्हणावी. याला अभ्यासक्रम लागत नाही.

आदिवासी पाड्यांवरचा प्रश्न याहून नाजूक आहे. पावसाळ्यानंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि तान्हे मूल भट्टीशेजारच्या झोळीत असते. रविवारची नर्सरी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. जिथे मिशनच्या बालवाड्या आहेत तिथे वेगळे भान हवे. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे सरकारी मान्यता वा अनुदान असलेल्या शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. कायद्याची गोष्ट राहू द्या. खिचडी आणि गाणे यांच्यात कसलीही अट लपलेली नसावी, कारण दोन वर्षांच्या मुलाला अट ओळखता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या मुलाला ख्रिस्ताची गोष्ट सांगणे हा त्याचा हक्क. दुसऱ्याच्या मुलाच्या पोटाच्या भुकेवर ती गोष्ट बसवणे हा हक्क नव्हे. या बाबतीत रमाबाईंची पत्रे आपल्या बाजूने नाहीत, हे मिशनांनी लक्षात ठेवावे.

आणि याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, लहान मुलाशी कसे वागावे याचा आपल्या देशातला एक श्रेष्ठ प्रयोग झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी बिया, शिंपले, पाने, मातीचे मणी घेतले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. प्रार्थनासमाजी घरात वाढलेल्या ताराबाईंनी माँटेसोरी घेतली ती स्वाभाविकच तिच्या चर्चशिवाय.

माँटेसोरीच्या कामाचा चर्चमधला अर्धा भाग आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. ती कॅथलिक होती. बार्सिलोनातल्या शाळेत तिने मुलांसाठी त्यांच्या उंचीचे बाक, त्यांच्या हाताला येतील अशा वस्तू असलेली प्रार्थनेची जागा केली, आणि मिस्सेच्या भाकरी-द्राक्षारसासाठी मुलांकडून गहू पेरून घेतला, द्राक्षवेली वाढवून घेतल्या. १९२२ साली त्यावर पुस्तक आले. पुढे १९५४ पासून रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी ‘उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण’ या नावाने तो धागा वाढवला. तिथे मुले मेंढपाळाची आणि मेंढरांची लहान लाकडी आकृती स्वतः हलवतात, शिक्षिका गोष्ट सांगून गप्प बसते. मुलाने काय शिकले हे विचारायचे नाही, हा तिचा नियम. कोसबाडने मुलाला हात दिले, रोमने त्या हातात मेंढरू दिले. वैतरणेच्या काठावर या दोन्ही गोष्टी एकत्र यायला काही अडचण नाही. ऑक्टोबरात ईस्ट इंडियन गावांत आगेरा होतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. बार्सिलोनाच्या मुलांना गहू मुद्दाम पेरावा लागला. इथे राब भाजण्यापासून कापणीपर्यंत सगळे मुलाच्या डोळ्यांसमोर होते. लोंबी मात्र मोठ्यांच्या हातात असते आणि मूल कडेवर.

‘कळत नाही त्या वयात धर्म कशाला लादता?’ असा आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिकही असतो. एरिक एरिक्सनने १९५० साली मूलभूत विश्वासाची कल्पना मांडली: पहिल्या वर्षात मूल जग भरवशाचे आहे की नाही हे ठरवते, आणि पुढची श्रद्धा त्या भरवशावर उभी राहते. सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’मध्ये भारतीय मुलाच्या बाबतीत आईच्या दीर्घ सान्निध्याचा या घडणीशी संबंध लावला. या दृष्टीने पाहिले तर नर्सरीतले पहिले धर्मशिक्षण म्हणजे रडणाऱ्याला कोणीतरी उचलणे. मजकूर नंतर. लूकच्या शुभवर्तमानात लोक येशूकडे ज्यांना घेऊन येतात त्यांच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये तान्ह्या बाळांचा शब्द आहे. शिष्य दटावतात. मार्क सांगतो की येशूने त्यांना कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्या बाळांना त्याने काही शिकवल्याचे एकाही शुभवर्तमानात नाही.

म्हणून काही चर्चमध्ये मागच्या बाजूला असते ती काचेची खोली मला नर्सरीचे सर्वांत वाईट रूप वाटते. रडणारे बाळ तिथे न्यायचे, आवाज आत कोंडायचा, आईने मिस्सा स्पीकरवर ऐकायची. मूल आल्तार पाहते ते मुक्या चित्रासारखे, आणि आईला कळते की आपण अडचण आहोत. पुढच्या बाकावर बसवले तर मूल अधिक काळ शांत राहते, कारण त्याला मेणबत्ती दिसते, घंटा दिसते, फादरचे हात दिसतात. मागे वळून रोखून पाहणाऱ्या काकांना सांगावे लागेल ते फादरनी सांगावे.

बोईसरच्या एखाद्या धर्मग्रामाने उद्या अशी खोली काढायची ठरवली तर माझी सुरुवातीची मागणी लहान आहे. नाताळात आपण घरोघर, चर्चमध्ये गव्हाणी करतो: गवत, दिवे, कागदाचे डोंगर आणि प्लॅस्टरचे देखणे पुतळे. दोन वर्षांचे मूल तिच्यासमोर बसते, बाळ येशूकडे हात नेते, आणि मागून आवाज येतो, ‘हात लावू नकोस, फुटेल.’ वारली पाड्यावरच्या कारागिराकडून किंवा शिवणकाम येणाऱ्या आजीकडून लाकडाचे, कापडाचे एक बाळ, एक आई, चार मेंढरे करून घ्यावीत आणि ती जमिनीवर, चटईवर, वर्षभर ठेवावीत. मूल बाळ येशूला उचलेल, तोंडात घालेल, गाडीत बसवेल, झोळीत टाकून निजवेल. त्या वेळी जवळ बसलेल्या बाईला आपल्या भाषेतला एक पाळणा येत असला म्हणजे झाले.